कातरीनं कापलेलं पॅकिंग
विडीच्या ओल्या पानांचा वास आला की मला आमची जुनी गाडी आठवते. गाडी अमेरिकेतल्या कंपनीची होती आणि ती कंपनी इथला कारखाना बंद करून निघून गेली होती. सासऱ्यांच्या पायातलं बळ गेलेलं, त्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणून मिरजेच्या दवाखान्यात त्याच गाडीतून न्यावं लागे. एकदा जायच्या आदल्या दिवशीच इंजिनातून पाणी गळायला लागलं. सात रस्ता चौकातला गाड्यांचा मेस्त्री म्हणाला, "ह्याचं पॅकिंग आता मिळत न्हाय, भंगारात घाला." मग माझ्या मालकांनी अंगणातच इंजिन खोललं आणि जाड कागद आणून, दोन लोखंडी भागांच्या फटीत बसणारं ते पॅकिंग ब्लेडनं कापायला बसले. दोनदा कापलं, दोन्ही वेळा बोल्टाच्या भोकापाशी फाटलं. सासूबाई उंबऱ्याशी विड्या वळत होत्या. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आन हिकडं. हात हाय का खुरपं तुझा?" तेलकट लोखंडी भाग त्यांनी कागदावर दाबला आणि उमटलेल्या ठशावरून पानं कापायची कातर अशी फिरवली की भोकंसुद्धा गोल आली. ते बसवून गाडी तासभर चालू ठेवली, पण एक थेंब गळला नाही. सकाळी पुढच्या सीटवर बसताना सासरे म्हणाले, "कंपनी पळाली, पन माझी बायकू हाय की!" सासूबाई लाजून म्हणाल्या, "गप बसा वो." मलाही त्यांना काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, पण मी नुसतं गाडीचं दार लावलं. आत्ता त्या पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत बसल्या आहेत, आणि मी ते अजून वहीतच लिहिते आहे.