बारीचा ताप

आमच्याकडे हिवतापाला बारीचा ताप म्हणत. एक दिवस यायचा, एक दिवस सुटी द्यायचा. देवरीकडच्या आमच्या गावात तो मायला दरवर्षी नेमका रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गाठायचा. मेला बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी साचायचीच वाट बघत असायचा!

रोवणीला घरटी एक बाई लागते. सगळ्या मिळून आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या. ज्या घरची बाई आली नाही, त्या घरची धानाची रोपं तशीच पडून राहायची. म्हणून ताप नसेल त्या दिवशी माय चिखलात वाकायची आणि तापाच्या दिवशी वाकळीखाली हुडहुडायची. त्या दिवशी आम्हा दोघी बहिणींपैकी एकीने शाळा बुडवून बांधीत जायचं. मी आठवीत, मोठी नववीत. तिला मी बाई म्हणायची. आमचीही बारी ठरली होती, एकदा ती, एकदा मी.

ठरली होती म्हणायचं, एवढंच. माझ्या दिवशी उठून बघावं तर बाई पावसासाठी डोक्याला प्लास्टिक बांधून तयार! "झोप वो, आज माहीच बारी हाये." आता खोटं कशाला बोलू, मला जाग यायची. मी झोपेचं सोंग घ्यायची. चिखलाचा कंटाळा, दुसरं काय! मग एसटीत खिडकीजवळची जागा मी दप्तर ठेवून तिच्यासाठी धरायची, जशी काही ती पुढच्या थांब्यावर चढणार होती. गणित तिलाच छान यायचं. बसमध्ये ती मला शिकवायची, तेही चापट मारून.

गोळ्या मिळत नव्हत्या असं नाही. पण ताप उतरला की माय उरलेल्या गोळ्या पावडरच्या डब्यात टाकायची. "बरी झालो ना, मंग कायले खाऊ? पुढच्या रोवणीले होतील." आम्हाला हा केवढा शहाणपणा वाटायचा! अर्धं औषध पोटात, अर्धं डब्यात. ताप फिरून येईल नाहीतर काय करील?

दिवाळीनंतर बाई शाळेत गेलीच नाही. फार बुडालं होतं. तिने आपली कंपासपेटी मला दिली. मी ती घेतली आणि खूश झाले. आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी शिकले, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला मास्तरीण झाले. वर्गात दोघी बहिणी एका बाकावर दिसल्या की जीव तुटतो. मला माझी बाई हवी असते. आत्ताची नाही, एसटीतली, खिडकीजवळची.

कितीतरी वर्षांनी ऐन रोवणीत तिच्या घरून फोन आला. बाईला ताप, आणि तिची नववीतली पोर शाळा सोडून बांधीत जाते आहे. पहिली एसटी धरून मी तिच्या सासरी पोचले. फळीवर पावडरचा डबा. आत आरोग्य केंद्राच्या आशाताईने दिलेल्या निम्म्या गोळ्या! मी काय ओरडले, काय ओरडले! "तू बी मायसारखंच करून राहिली काय वो?" मग भाचीच्या डोक्यावरचं प्लास्टिक काढून आपल्या डोक्याला बांधलं. "तू शाळेत जाय. आज माही बारी."

वाकळीतून बाई कुडकुडत हसली. "तुले रोवता येते का?"

येत नव्हतं. शिकायची वेळच तिने येऊ दिली नव्हती.

तरी गेले. मी रोवलेली रोपं मागे पाण्यावर तरंगायची आणि बाया खदखदून हसायच्या. तेवढ्यात रस्त्याने देवरीची एसटी गेली. खिडकीजवळ भाची बसली होती, शेजारच्या जागेवर तिचं दप्तर. मी चिखलाचा हात वर केला. मग खाली वाकले, आणि वाकूनच पोटभर रडले.