लाल पट्ट्याचा धोटा

माझ्या धोट्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला होता. साचेखात्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, करीमभाईंनी तो माझ्या हातात ठेवला आणि नजर वळवली.

"तू इसकोच वापर. दुसरे धोटे को हात मत लगा."

शहरातल्या आमच्या कापड गिरणीत तेव्हा नवे साचे, म्हणजे माग, आले होते. विणणारे हात कमी पडत होते. म्हणून आम्हा दलितांना पहिल्यांदा साचेखात्यात घेतलं. तोवर आम्ही सूतकताईलाच. कारण साधं होतं. मागात आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासानं सूत बाहेर ओढायचं. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. एकमेकांची थुंकी चालायची. आमची नाही.

"कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"मेरे कू मत पूछ. तेरा दोस्त बोल्या."

दोस्त म्हणजे दिनकर. युनियनचा पुढारी. माझ्या घरी बसून सुकटाची चटणी अन् भाकरी खाल्लेला. मला साचेखात्यात घ्या म्हणून मॅनेजरशी भांडला होता, तोही हाच. दुपारच्या सुट्टीत त्याला गाठलं.

"माझ्या घरी जेवतोस, अन् इथं हे?"

"घरचं येगळं. इथं लोकं बिथरतील, युनियन फुटंल. थोडे दिवस काढ, दोस्त."

थोडे दिवस. गिरणी बंद पडेपर्यंत ते संपले नाहीत.

हात लागून लागून पट्टा पुसट व्हायचा. करीमभाई डबा घेऊन यायचे, नवा रंग मारायचे. एकदा ते रजेवर होते. कुणी काही बोलायच्या आत मीच डबा उचलला आणि पट्टा मारला. मग दरवेळी मीच मारत गेलो. कुणी सांगायची गरज उरली नाही.

वस्तीतले लोक विचारायचे, साचेखात्यात कसं हाय? मी सांगायचो, "लई चांगलं. सगळे सारखे." खरं सांगायची लाज वाटायची. युनियनच्या निवडणुकीत माझ्या शब्दावर अख्ख्या वस्तीनं दिनकरला मतं दिली. पुढं माझ्याच शब्दावर वस्तीतला सुखदेव साचेखात्यात आला. त्याच्याही हातात लाल पट्ट्याचा धोटा आला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही तर म्हणले होते, सगळे सारखे."

धोटा माझ्या साच्यावर ठेवून तो परत सूतकताईला गेला. मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मागच्या महिन्यात शेंद्र्याला कापडाच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तिथल्या मागांना धोटाच नाही, हवेच्या झोतानं सूत जातं. जुना गिरणी कामगार म्हणून माझा सत्कार ठेवला होता. गिरणीची एखादी जुनी वस्तू आणा, काचेच्या पेटीत ठेवू, असा निरोप होता. प्रमुख पाहुणे दिनकरराव.

आदल्या दिवशी, गिरणी बंद पडली तेव्हा घरी आणलेला माझा धोटा अन् पॉलिश पेपर घेऊन ओट्यावर बसलो. पट्टा घासून काढायचा, लाकूड चकचकीत करायचं. लाल भुगा मांडीवर पडायला लागला. एक थर निघाला, खाली दुसरा लाल. त्याखाली तिसरा. सगळे माझ्या हातचे. पेपर खाली ठेवला.

सभेत दिनकरराव माइकवर म्हणाले, "आमच्या गिरणीत जात नव्हती. सगळ्यांनी एकाच धोट्याला ओठ लावले. विचारा यांना." हे भाषण मी आयुष्यभर ऐकलं होतं. दरवेळी मान हलवली होती. त्यांनी माइक हातानं झाकला आणि हळूच म्हणाले, "व्हय म्हण, दोस्त."

मी माइक हातात घेतला आणि पिशवीतून धोटा काढला.

"नाय," मी म्हणालो. "माझा धोटा येगळा होता. हा बघा पट्टा. यांनी मारायला लावला, अन् मी मारत राहिलो."

माइक माझ्या हातातून गेला. टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. कारखान्याचा एक अधिकारी शेजारी वाकला. "बाबा, हा रंग काढून दिला तर पेटीत चांगला दिसेल."

धोटा पिशवीत घातला आणि घरी आलो. अर्धवट घासलेला आहे, तसाच राहील. आता दिनकरराव जिथं जिथं हे भाषण करतील, तिथं मी समोर बसणार. धोटा मांडीवर. मान हलणार नाही.