उताराखालचं दार

तुमच्या अंगणातलं पाणी पुढे कुठे जातं, कधी बघितलंय? मीही बघितलं नव्हतं. घर उतारावर, पाणी थेट उंबऱ्यात. म्हणून गवंडीकाकांना चर बांधायला बोलावलं. काका खणण्याआधी वरून बादली ओतायचे आणि पाण्यामागून चालत जायचे. त्या दिवशी ते कुंपणापाशी थांबले. खाली शेजारच्या मावशींचं स्वयंपाकघर होतं.

"पाणी सोडा इथंच," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही कोरडे, अन् मावशींनी होडीत बसून स्वयंपाक करायचा? दुसरा गवंडी बघा!"

मी भडकलो. ते शांतपणे थापी पिशवीत भरू लागले. मोर्च्यात लोकांच्या हक्कांसाठी घसा फोडणारा मी, इथं मावशींच्या घरात पाणी सोडायला निघालो होतो. मग काकांना थांबवलं आणि चर वळवून रस्त्याच्या गटारापर्यंत नेला. वाढीव वीस फूट मीही खणले.

तुम्हीही कुदळ मारण्याआधी एकदा खालच्या दारात जाऊन उभे राहा.