नऊ फुटांचा उतार

“हा महिनाभर मला उचलून वर घ्या. महिना संपला की मी राजीनामा देते,” टायपिस्ट शकुंतलाबाई हेडक्लार्कला म्हणाल्या, तेव्हा मी शेजारीच फुटपाथची कड बांधत होतो.

बेलापूरला तेव्हा सरकारी ऑफिसं नवी नवी येत होती. बाईंच्या पायांत लहानपणापासून बळ नाही. हातानं चालवायची तीनचाकी सायकल होती. घर जवळ, रस्ता सपाट. पण ऑफिसपुढचा फुटपाथ नऊ इंच उंच. रोज दोन शिपाई त्यांना सायकलीसकट वर घ्यायचे, पोतं चढवल्यासारखं.

मी इंजिनियरसाहेबांना म्हटलं, “इथं उतार करू.”

“ड्रॉइंगमध्ये नाही.”

“ड्रॉइंगमध्ये बाईसुद्धा नाहीत. तरी रोज येतातच ना?”

साहेब हसले. “कर. बिघडलं तर तूच फोडायचं.”

मी चौथी नापास. पण घोटाईत माझा हात धरणारा कुणी नव्हता. घोटाई म्हणजे ओलं सिमेंट थापीनं घासून काचेसारखं करणं. तीन फुटांचा उतार केला आणि असा घोटला की तोंड दिसावं.

सुकल्यावर बाई आल्या. अर्ध्यावर चाक घसरलं, सायकल मागे आली. मी धरली म्हणून बरं. शिपाई हसले. बाई म्हणाल्या, “मिस्त्री, आरसा झकास. पण मी वेणी घरूनच घालून येते.”

लागलं मला. घण घेतला, माझं काम मीच फोडलं.

मग स्लॅब ओतताना खाली लावतात त्या सेंटरिंगच्या फळ्या आणल्या, जोडून फुटपाथच्या कडेला उतरत्या टेकवल्या. बाईंना म्हटलं, “चढून दाखवा. मी फक्त मागे उभा राहतो.” पाच फुटी फळ्यांवर त्या अडकल्या. सात फुटीवर धाप लागली. नऊ फुटीवर एकट्या वर! ठरलं, नऊ फूट. या वेळी घोटाई नाही. ओल्या सिमेंटवर आडवा खराटा ओढला, चाकाला पकड यावी म्हणून.

“फिनिशिंग राहिलं,” साहेब म्हणाले.

“हेच फिनिशिंग.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिपाई सवयीनं हात पुढे करून उभे. बाईंनी घंटी वाजवली. “बाजूला व्हा की!” आणि थेट टाइपरायटरपर्यंत गेल्या. राजीनाम्याचा कागद त्यांनी मला दाखवून फाडला.

पुढच्या बिल्डिंगच्या ड्रॉइंगमध्ये उतार छापून आला. माझं नाव नव्हतं, नऊ फूट मात्र होते.

घोटाई माझी आजही बघून घ्या. पण ती भिंतीला. चालायच्या जागेला खराटा.