दोन्ही हात बाजूला

परदेशात संगीत शिकून आलेल्या मुलीकडे लोक गाणं मागतात. माझ्याकडे मात्र किस्सेच साठलेत!

हॉलंडहून भिलाईला परतताना वाटलं होतं, चार आवाजांचं समूहगान शिकवू, अख्खं शहर गाऊ लागेल. मिळाले कॅम्प-1 वस्तीतले, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले अठरा क्रेन ऑपरेटर आणि एक पेटी.

पहिल्याच दिवशी वानखेडे काकांना विचारलं, "तुमचा आवाज कोणता? खालचा की वरचा?"

"फर्नेसजवळचा सांगू का घरचा? घरी त काकूच बोलते!"

*

माझे गुरू हेंक सर तिकडचे मोठे ऑर्गनवादक आणि क्वायर कंडक्टर. आमचा पहिला कार्यक्रम बसवायला आठवडाभरासाठी आले ते अट घेऊनच. "कार्यक्रम जमला तर इथे राहा. नाही तर परत चल, माझी असिस्टंट हो."

आल्या आल्या त्यांनी ऑर्गन मागितला. मी टेबलावरची पेटी दाखवली. सर वाजवायला बसले आणि ऑर्गनच्या सवयीने त्यांचे पाय खाली पेडल शोधू लागले. वानखेडे काकूंनी टेबलाखाली ठेवलेला डबा उलटला! काकू कडाडल्या,

"पाय कावून हालवून राहिला हा? ब्लाउज शिवून राहिला का?"

*

सरांनी चर्चमधल्या ऑर्गनचा फोटो दाखवला. हजारो पाइप! काका म्हणाले, "मेंटेनन्स कोन पाहाते?"

सरांचे डोळे चमकले. दोघं तासभर हवेच्या गळतीवर बोलले. भाषांतर करून घसा माझा बसला.

*

तालमीत सरांनी तळवा खाली दाबला. म्हणजे, हळू गा. काकांची अख्खी रांग सुरातच खाली उतरली!

"हे घसरतायत!" सर ओरडले.

"तुमीच त खाली घ्या म्हनून राहिले!"

मी हसले, पण हाताचा इशारा ते कसा वाचतात हे विचारलं नाही. तिथेच चुकले.

*

कार्यक्रमाला हॉल भरलेला. शेवटचा सूर चढत गेला आणि सरांनी तो फुलवायला दोन्ही हात बाजूला पसरले.

अठरा तोंडं एका क्षणात बंद! हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

सर पांढरेफटक. मी पडद्यामागे काकांना गाठलं. "काका, थांबलात का?"

"क्रेनवर दोनी हात बाजूले म्हनजे इमर्जन्सी स्टॉप! खाली मानूस असते, बेटा. तिथं कावून इचारत नाही."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आयुष्यात माझ्या हातावर इतकं एकत्र कोणी थांबलं नाही. पण कार्यक्रम पडला. बॅग भर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना दुर्ग स्टेशनवर गाडीत बसवलं, मी चढले नाही. माझी बॅटन, कंडक्टरची ती छडी, त्यांच्या बॅगेत ठेवली आणि थेट वानखेडे काकांचं दार वाजवलं.

"काका, लोड वर घ्यायचा इशारा कसा करतात? पहिल्यापासून शिकवा!"