आक्काच्या भातातल्या पांढऱ्या गाठी

हुपरीहून निघताना पिशवीत भिंग आणि रिकामी बाटली घेतली. शाहूवाडीकडच्या माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, निरोप होता: "मुंग्या भात कापून न्यायला लागल्यात. बघून जा." मी शाळेत विज्ञान शिकवतो. पानं कापून बिळात त्यांवर बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या परदेशातल्या, हे मला पाठ होतं. तरी नव्वदच्या दशकातल्या त्या सहामाही परीक्षेनंतर एस.टी.त बसलोच.

"काय पावणं, बाटली कशाला?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"मुंग्या धरायला."

तो जरा सरकून बसला.

आक्काच्या बांधावर खरंच रांग होती, तोंडात हिरवे तुकडे! पण भिंगातून पाहिलं तर भात कापत होत्या लष्करी अळ्या; मुंग्या खाली पडलेलं उचलत होत्या. त्यांना रोज साखर घालणारी आक्का हे ऐकून सुखावली.

चुलीपाशी बुट्टी (टोपली) होती. तीत कापसासारख्या गाठी चिकटलेल्या अळ्या.

"अंडी हायती. दिसंल ती गाठ जाळ, असं तूच पत्रात लिवलंवतंस न्हवं? रोज जाळतीया."

"शाब्बास!" म्हणत मी एक अळी गाठीसकट बाटलीत टाकली आणि नाचणीच्या भाकरीवर ताव मारला.

तिसऱ्या सकाळी बाटली पाहिली. गाठीतून अळ्या नव्हे, तिळाहून बारीक काळ्या गांधीलमाश्या निघाल्या होत्या. अळीचं नुसतं कातडं उरलं होतं. या माशीची पिल्लं अळीला आतून जिवंत खातात आणि बाहेर येऊन कोष विणतात! किळस आली. पण त्याहून मोठा हादरा पुढे होता. भात राखत होती ती हीच, आणि मी तिलाच जाळायला लावलं होतं.

आक्काला सांगितलं. घरचा वर्षाचा तांदूळ त्याच वावरात होता.

"ठावं न्हवतं तर ठावं न्हाय म्हणून लिवायचं की, मास्तर!"

उरलेली बुट्टी आम्ही बांधावर नेली. मुंग्या गाठींवर चढू लागल्या, तेव्हा त्या पोचू नयेत म्हणून आक्कानं बुट्टी पाण्याच्या परातीत दगडावर ठेवली.

घरी परतलो. वर्गात मुंगीची शेती रंगवून सांगणारा मी, माझ्या बहिणीची शेती मात्र मला कळली नव्हती.

दरवर्षी सुगीनंतर आक्का पोतंभर तांदूळ धाडते. त्या वर्षी एक गाठोडं आलं, जेमतेम चार दिवस पुरेल एवढं. सोबत निरोप होता: "औंदा एवढंच निघालं. तू खा." तो भात शिजवला आणि ताट तसंच झाकून ठेवलं.