सहीशिवाय नाव कोरणार नाही

माझ्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो खरोखर संशयी आहे की नुसता तसं दाखवतोय, याची भावजी आधी खात्री करून घेतील. साखर कारखान्यात त्यांचा जन्म ऊस वजन करायच्या काट्यावर गेला. उसाखाली दगड घालून आणलेल्या गाड्या त्यांनी इतक्या पकडल्या, की पुढे त्यांना सगळ्याच गोष्टींखाली दगड दिसायला लागला. दूधवाल्याच्या दुधात, डॉक्टरच्या गोळीत, माझ्या शिऱ्यातसुद्धा. मी वाढलेलं ताट ते शेजारच्या ताटाशी बदलून घेतात. कशाला, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारलं म्हणून आणखी संशय आला असता.

रिटायर झाल्यावर त्यांनी मिरजगावात हायवेलगतच्या गाळ्यात लेझरचं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, पेटीत प्लायची पातळ फळी ठेवायची, की आतला किरण नाव कोरतो आणि कडेनं कापूनही देतो. दोन बोटांएवढी पिंपळपानं एका फळीत चाळीस निघतात. दोरा ओवला की दाराला टांगा, गाडीत टांगा. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, हेच भावजींना खटकतं. "वहिनी, जो तोंड दाखवीत न्हाई आन् लाकूड जाळतो, त्याच्यावर भरवसा ठिऊ का?" म्हणून मशीन चालू असेपर्यंत ते ओलं पोतं मांडीवर घेऊन पेटीसमोर बसतात, आणि आधी पुठ्ठ्यावर कोरून घेतल्याशिवाय लाकडाला हात लावत नाहीत. शनिशिंगणापूरच्या दुकानांना माल द्यायला जातात तेव्हा पिशवीला कुलूप लावतात. ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथं जाताना. मी म्हटलं, शनिदेवाला काय वाटेल? तर म्हणाले, "देवावर भरवसा हाय. देवाला आलेल्यांवर न्हाई."

सगळ्यात मोठा ताप त्यांच्या सहीचा. जळालेलं लाकूड पुसता येत नाही, म्हणून ज्याचं नाव कोरायचं त्यानं स्वतः कागदावर लिहून खाली सही करायची, हा त्यांचा कायदा. बारशाच्या ऑर्डरला त्यांनी तान्ह्या पोराचा अंगठा घेतलेला आहे. पोर दिवसभर निळा अंगठा चोखत होतं आणि त्याची आजी भावजींच्या नावानं खडे फोडत होती.

गेल्या साली माझ्या नातीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरलं. पाहुण्यांना वाटायला पिंपळपानांची ऑर्डर मुलाच्या वडिलांनी भावजींनाच दिली. चिठ्ठीवर लिहिलेलं, अक्षय आणि वैदेही. भावजी चिठ्ठी घेऊन तडक माझ्याकडे आले, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, पोराचं दुसरीकडं हाय. ही वैदेही कोन?"

मी म्हटलं, "अहो, तुमचं डोकं फिरलंय का? लग्नात नाव बदलतात. तांदळात लिहितात ते."

त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ते आणखीच गंभीर झाले. "मग पोरीची सही लागंल."

नव्या नावाचं आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं, प्रतीक्षालाही नाही. ती नगरला दवाखान्यात नर्स आहे. तिनं चिठ्ठी वाचली, शांतपणे घडी घातली आणि भावजींना म्हणाली, "आबा, ह्या बाईला मी वळखत न्हाई. मी सही करनार न्हाई."

लग्नाला पाच दिवस उरलेले. व्याह्यांचा फोन आला. म्हणाले, सून आमची, नाव आमी ठिवनार. भावजी म्हणाले, "ठिवा की. पन लाकूड माझं हाय." मी त्यांना बजावलं, लग्न मोडलं तर तुम्हाला त्या पेटीत घालून झाकण लावीन. पोरीची आई दोन दिवस जेवली नाही. भावजी मात्र मशीन बंद ठेवून गाळ्यात बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी नवरामुलगा एकटाच मोटरसायकलवर आला. कागद मागितला, अक्षय आणि प्रतीक्षा असं लिहिलं, खाली सही केली. म्हणाला, "वडलांशी बोललोय. तोंड फुगवलंय, पन लग्नाला येतील." भावजींनी त्याच्याकडून तेच पुन्हा एकदा लिहून घेतलं, दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले, नातीला फोन लावून तिची सही मागवली आणि मग मशीन चालू केलं.

लग्न झालं. तांदळात काही लिहिलं गेलं नाही. व्याही जेवणाच्या पंगतीत थोडे नरमले.

चार दिवसांनी भावजी घरी आले आणि माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "वहिनी, ह्या घरात यायच्या आदी तुमचं नाव काय हुतं?"

मी म्हटलं, "आता त्याचं काय लोणचं घालायचंय?"

ते उठेनात. शेवटी मी चौथीत लिहायचे तसं, अक्षर अक्षर सुटं करून लिहिलं. मला त्या नावानं हाक मारणारा शेवटचा माणूस माझा भाऊ, तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भावजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्यानं वाचलं, "कौसल्या."

मी ओ दिली नाही. मलाच म्हणतायत, हे कळायला जरा वेळ लागला.